केतकीने ओढलेली रेघ

केतकी हात धुवायची तेव्हा आधी मनगटावरचं घड्याळ काढून दातात धरायची. आमच्या मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये कुठलीही वस्तू तोंडाजवळ न्यायची नाही हा पहिला नियम. तेवढा एक मोडून ती बाकीचे सगळे पाळायची. अंगठे, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटाच्या वरपर्यंत फेस. तोंडात घड्याळ असल्यामुळे तिला बोलता यायचं नाही, आणि दिवसभरात ती गप्प असायची ती तेवढाच वेळ. मॅडम ओरडल्या की घड्याळ काढून म्हणायची, "सॉरी मॅडम, ड्रेसला खिसाच नाहीये." मॅडम हसायच्या. मी असं काही केलं असतं तर मॅडम हसल्या नसत्या. निदान मला तसं वाटायचं, म्हणून मी कधी करून पाहिलं नाही.

मी मंडीदीपहून बसने भोपाळच्या कॉलेजला यायचे. बाबा तिथल्या एका कारखान्यात बॉयलरवर, ठेकेदाराकडून. आम्ही मूळचे महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या पांढुर्ण्याकडचे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी काय शिकते हे सांगणं आईला अवघड जायचं. शेजारणींना ती म्हणायची, "किड्यांचं शिकते. दिसत नाहीत ते किडे." केतकीचे वडील पुण्याहून बदली होऊन आलेले मोठे अधिकारी, साहेबलोकांच्या चार इमली वस्तीत बंगला. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून पहिल्याच दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिची मराठी धुऊन इस्त्री केल्यासारखी. माझी अर्धी हिंदी. "आज नल नाही आला" असं मी म्हटलं की ती हसायची नाही. उलट "नल आला नाही, छान वाटतं गं ऐकायला" म्हणून दुसऱ्या दिवसापासून स्वतःच तसं बोलायला लागायची. ती हसली असती तर बरं झालं असतं. मला तिचा राग तरी धरता आला असता.

खरं सांगायचं तर तिच्याबद्दल लिहायला बसले की पहिली हेव्याचीच गोष्ट सुचते. दुसरीही तीच.

प्लेटवर जिवाणू पसरवायची एक पद्धत असते. तारेचा छोटा फास ज्योतीत लाल करायचा, गार होऊ द्यायचा, नमुना उचलायचा आणि प्लेटमधल्या आगरच्या, जेलीसारख्या थरावर रेघा ओढत न्यायच्या, म्हणजे शेवटच्या रेघेत एकेक वसाहत सुटी उगवते. माझा हात जड. माझी तार आगरमध्ये रुतायची, नांगरटीसारखी. केतकी गप्पा मारत, मान दुसरीकडे वळवून रेघा ओढायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्या प्लेटवर मोहरी सांडावी तसे गोल, सुटे, चमकदार ठिपके. मॅडम ती प्लेट सगळ्या वर्गाला दाखवायच्या. लेखी पेपरात मार्क माझे जास्त असायचे. पण पेपर कोणी वर्गात फिरवून दाखवत नाही.

तिचा एक शब्द होता, "बघू तरी." कोणाला गळू झालं, कोणाचा डोळा आला, कोणाच्या घशात दुखतं, की ही पुढे. "बघू तरी." आणि माणसं दाखवायची! आमच्या लॅबमधल्या गंभीर, कोणाशी न बोलणाऱ्या शिपाईकाकांनी एकदा तिला आ करून घसा दाखवला. तिने मोबाइलचा दिवा लावून पाहिलं आणि म्हणाली, "काका, हे मला कळत नाही. पण ताप आहे, खोकला अजिबात नाही, आणि आत पांढरे ठिपके आहेत. आजच डॉक्टरला दाखवा, आणि त्यांनी गोळ्या दिल्या तर सगळ्या संपवा. सर्दीचा घसा असता तर मी म्हटलं असतं, गुळण्या करा नि गप्प बसा." ते गेलेसुद्धा. हेच मी त्यांना सकाळी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "हौ हौ, ठीक है बेटा," आणि झाडू उचलला होता.

कॉलेजच्या फाटकासमोर पाणीपुरीची गाडी लागायची. वर्गातल्या दोघींना एकापाठोपाठ टायफॉइड झाला तेव्हा मला ते पाणी खटकलं. पुष्कळ धीर गोळा करून मी विचारलं, "भैया, ये पानी उबला हुआ है क्या?" तो म्हणाला, "मैडम, नहीं खाना तो मत खाओ, पीछे लाइन है." मी बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी केतकी गेली. "भैया, आप खुद कौन सा पानी पीते हो?" तो म्हणाला, "घर से बोतल लाते हैं." "क्यों?" पुरी त्याच्या हातातच राहिली. मागच्या लाइनीतली पोरं हसली, आणि तोही हसला. "अरे यार मैडम, आप तो मरवाओगे." त्या आठवड्यातच गाडीवर झाकणाचा मोठा कॅन आला आणि पाणी काढायला लांब दांड्याचा डाव. हात बुडवणं बंद. ती मला म्हणाली, "आयडिया तुझीच होती हं. मी फक्त विचारलं." असं ती म्हणायची, आणि ते खरंही असायचं, आणि मला आणखी वाईट वाटायचं.

एका रविवारी ती "मला मंडीदीप बघायचंय" म्हणून मागेच लागली. मंडीदीपमध्ये काय बघायचं असतं हे मला आजही माहीत नाही. पण आली. दारात बाबा उभे होते. तिने पुण्याच्या सवयीने वाकून त्यांच्या पायाला हात लावला, आणि बाबा चटका बसल्यासारखे मागे सरकले, पाठ दाराच्या कडीवर आपटली.

"अरे अरे, बेटी! पाप लावते का मला?"

आमच्याकडे मुली बापाच्या पाया पडत नाहीत. आजोबांच्या वेळी घरात होतं म्हणे, पण इकडे राहून इकडची रीत लागली. इकडे मुलगी म्हणजे देवी. नवरात्रात बाबाच माझे पाय धुतात. चुकून माझा हात त्यांच्या पावलाला लागला तर ते लगेच वाकून माझ्या पायाला बोटं लावतात आणि ती कपाळाला लावतात. बाहेरच्याला ही रीत फार गोड वाटते. केतकीलाही वाटली. "किती छान! आमच्याकडे नुसतं वाक, वाक." देवीशी कोणी दुखलंखुपलं बोलत नाही, हे तिला कसं सांगणार?

त्या दिवशी आईने चहाबरोबर तिला आपला डबा दाखवला. आमच्या ओळीतल्या खोल्यांमध्ये आईचा गोळ्यांचा डबा प्रसिद्ध होता. कोणाच्याही घरी औषधाच्या गोळ्या उरल्या की त्या आईकडे यायच्या. कोणाला ताप, जुलाब, फोड, की आई डबा उघडायची. मी पहिल्या वर्षीच आईला सांगितलं होतं की हे चुकीचं आहे, यानं रेझिस्टन्स येतो. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. "मोठी डाक्टर लागून गेली," हे तेवढं भिंतीला ऐकवलं होतं.

केतकी मांडी घालून बसली आणि डब्यातली एकेक पट्टी हातात घेत गेली. "काकू, ही कोणाची?"

"ही समोरच्या गुड्डूची. कान वाहत होता."

"आणि अर्धीच का खाल्ली?"

"बरं वाटलं ना त्याला."

"आणि ही?"

"ही माझीच. लघवीला जळजळ होत होती." आईने हे माझ्यादेखत तिला सांगितलं. मला तोवर माहीत नव्हतं. "तीन दिवसांत थांबली, मग कशाला खायच्या?"

"परत झाली का?"

"झाली ना. दोनदा झाली."

"काकू, गोळीनं आधी कोण मरत असेल? लेचेपेचे का टणक?"

"लेचेपेचे."

"मग अर्ध्यात सोडली तर मागे कोण राहिलं?"

आईने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी टणक तेवढे पाळले म्हण." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की डोळ्याला पदर लावला. जाताना डबा केतकीच्या पिशवीत गेला. वर तिने आईकडून डॉक्टरकडे जाऊन लघवी तपासून घ्यायचं कबूलही करून घेतलं. मी चहाचे कप धूत होते. कप स्वच्छ झाले होते, तरी मी धूत होते.

डबा गेला, पण सवय गेली नव्हती, हे पुढच्याच महिन्यात कळलं.

बाबा बॉयलरसमोर दिवसभर जाड बुटात उभे असतात. पायाच्या बोटांमध्ये घामाने चिखल्या होतात, कातडी फाटते. ते तिकडे लक्ष देत नाहीत. त्या फटीतून काहीतरी आत शिरलं असावं. आधी घोट्याखाली लाली आली, पाय गरम लागायला लागला, मग हुडहुडी भरून ताप. मेडिकलवाल्याने पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या दिल्या. ताप उतरला, गोळ्या थांबल्या, बाबा ड्यूटीवर गेले. दोनच दिवसांनी संध्याकाळी आले ते पाय ओढत. पाय फुगलेला, कातडी ताणून चकचकीत, लाली नडगीकडे चढायला लागलेली.

मला सगळं माहीत होतं. त्वचेच्या खालच्या थरात पसरलेलं जिवाणूंचं इन्फेक्शन, सेल्युलायटिस. परीक्षेत मी त्यावर दीड पान लिहिलं होतं. रक्तात गेलं तर काय होतं तेही लिहिलं होतं. मी म्हणाले, "बाबा, हॉस्पिटलला जायला पाहिजे."

"काही नाही. मुरगळला असंल."

"ताप कसा येईल मुरगळल्यावर?"

"तू अभ्यास कर, बेटा."

आई म्हणाली, आजच्या दिवस बघू. बाबांना माहीत होतं की ठेक्यावरच्या माणसाची जागा रिकामी राहत नाही, दुसरा उभा राहतो. मी दाराजवळ उभी राहून तो पाय लांबून बघत होते. जवळ जाऊन हात लावून बघावं, किती गरम आहे, दाबलं की खड्डा पडतो का, हे मला सुचत होतं. पण बाबा पाय चादरीखाली घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. केतकीचा फोन आला, मी काय झालं ते सांगितलं, ती म्हणाली, "येते." मी "नको" म्हणाले. खरंच नको होती. आणि ती यावी असंही वाटत होतं. दुपारी बसमधून उतरून घामेजलेली दारात हजर.

"काका, बघू तरी."

बाबांनी चादर ओढली. "काही नाही बेटी, तू बस, चहा घे."

ती खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली आणि चहा घेतला. पायाचं नावच काढलं नाही. विचारलं, "काका, बॉयलरवर म्हणजे नक्की काय काम करता तुम्ही?"

मी बाबांना हे कधी विचारलं नव्हतं. बाबा सांगायला लागले. पाण्याची पातळी दाखवणारी काच कशी बघायची, वाफेचा दाब काटा कसा दाखवतो, त्या काट्याच्या तबकडीवर लाल रेघ कशी असते. "काटा त्या रेघेपाशी आला ना, की मी मॅनेजरला विचारत नाही. कोणालाच विचारत नाही. आधी आग कमी करतो, मग सांगतो."

"आणि रेघच नसती तर?"

"रेघ नसंल तर माणूस म्हणतो, थोडं चालतं, आणखी थोडं चालतं. एक दिवस फुटतं."

केतकीने पिशवीतून प्लेटांवर नाव घालायचा मार्कर काढला. "मग एक रेघ ओढू द्या." आणि बाबांना कळायच्या आत चादर बाजूला करून तिने त्यांची टाच आपल्या डाव्या तळहातावर घेतली. बाबा कसे आक्रसले ते मी पाहिलं. पण तिने पाय सोडला नाही. लाली जिथे संपत होती तिथून, नडगीच्या कडेने, मागे पोटरीवर, सगळीकडून तिने निळी रेघ ओढली. प्लेटवर ओढायची तशीच. "काका, लाली रेघेच्या आत राहिली तर मी घरी जाते, तुम्ही ड्यूटीवर जा. बाहेर आली तर तुम्ही कोणाला विचारायचं नाही. पण मी संध्याकाळपर्यंतच थांबणार. आणि मध्ये हुडहुडी भरली, चक्कर आली, तर रेघबिघ काही नाही, लगेच निघायचं."

ही रेघ मला माहीत होती. डॉक्टर अशी खूण करतात हे मी वाचलं होतं. मार्कर माझ्याही पिशवीत होता.

दुपारभर बाबा पाय उशीवर ठेवून त्या रेघेकडे बघत पडले. उन्हं कलली तेव्हा लाली पोटरीच्या बाजूने रेघ ओलांडून बोटभर बाहेर आली होती. कोणी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "चला. रिक्षा बोलवा." त्यांनी हे केतकीकडे बघून म्हटलं.

भोपाळच्या सरकारी दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. सलाइनमधून औषध सुरू झालं. रक्तात साखर वाढलेली निघाली. कोणाला माहीत नव्हतं, आणि पाय इतका चिघळायला तेही कारण होतं. घोट्याजवळ पू साठला होता, तो डॉक्टरांनी चीर देऊन काढला. ते म्हणाले, आणखी उशीर केला असता तर पायाचं सांगता आलं नसतं. आई बाकावर बसून केतकीचा हात हातात घेऊन रडली. मी औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होते. तिथून ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायच्या वेळी सिस्टर म्हणाल्या, "एक जन पैर पकड़ो, हिलना नहीं चाहिए." अर्थातच केतकी पुढे झाली. सिस्टरनी जुनी पट्टी सोडवली, जखमेत भरलेली कापडाची वात ओढली, आणि तो वास आला. केतकीचा चेहरा बघता बघता कागदासारखा झाला. "मी... एक मिनिट," म्हणत ती भिंत धरत बाहेर गेली आणि व्हरांड्यात मटकन खाली बसली.

"अब कौन?" सिस्टर म्हणाल्या.

मी पुढे झाले. बाबांनी पाय मागे घेतला. "ही नको. ही बेटी आहे माझी."

"बेटी-वेटी बाद में भैया, पैर सीधा रखो!"

मी पाय धरला. पहिल्यांदा. टाच जड होती, खरखरीत, तापलेल्या विटेसारखी. जखम उघडी होती, खोल. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही, मला मळमळलं नाही. मी बघत राहिले, सिस्टरनी कुठून कशी पुसली, नवी वात किती आत ठेवली. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. पट्टी झाल्यावर ते काहीतरी पुटपुटले. मी वाकले.

"त्या पोरीला पाणी दे आधी," ते म्हणाले. "गरगरलं असंल तिला."

मी पाणी घेऊन बाहेर गेले. केतकी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. पाणी प्यायली, ओल्या हाताने तोंड पुसलं. "शी! प्लेटवर वास कळतच नाही गं. माझं काही खरं नाही. काकांना सांगू नकोस हं." मी म्हटलं, त्यांना कळलंय. ती हसली. त्या हसण्यात लाज होती, पण तीही तिला शोभत होती.

ती आता पुण्यात एमएस्सी करते. वडिलांची बदली झाली, बंगला सुटला. निघायच्या गडबडीत तिला घरी यायला जमलं नाही. स्टेशनवर मी गेले नाही, माझं प्रॅक्टिकल होतं.

बाबांची जखम भरली. पण साखर असल्यामुळे पाय रोज बघावा लागतो. धुवायचा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, कुठे भेग आहे का, लाली आहे का ते बघायचं. ते मी करते. रोज बाबा भिंतीकडे तोंड करतात, आणि झालं की वाकून माझ्या पायाला बोटं लावतात, ती कपाळाला लावतात. मी त्यांना विचारत नाही, दुखलं का. ते सांगत नाहीत.

गेल्या रविवारी केतकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला माझ्याशी बोलायचं होतं, पण बाबांनी लांबूनच आवाज ओळखला. "इकडे दे, इकडे दे. पाय दाखवतो तिला." मी पाय मांडीवर घेऊन पुसत होते. एका हाताने फोन धरला, मागचा कॅमेरा पायाकडे.

"काका, उजेडात घ्या ना. हां. आता बोटांच्या मध्ये. वा, किती स्वच्छ!" तिच्या मागे कुठल्यातरी हॉस्टेलची खोली होती, दोरीवर कपडे, कोणीतरी तिला हाका मारत होतं.

"ही करते ना सगळं," बाबा म्हणाले. त्यांचं तोंड फोनकडे होतं. "रोज. एक दिवस चुकवत नाही. हात इतका हलका आहे हिचा, कळतसुद्धा नाही बघ. दवाखान्यात सिस्टर करायच्या तेव्हा मी ओरडायचो. हिच्या हातानं कधी दुखलंच नाही."

मी कॅमेऱ्याच्या मागे होते. तिला पडद्यावर माझा फक्त अंगठा दिसत असणार, कडेला.

"मग? शिकलीये ना ती," केतकी म्हणाली. तिला कोणीतरी पुन्हा हाक मारली. ती मान वळवून "आले, आले" ओरडली, परत आमच्याकडे वळली, हसली, हात हलवला आणि गेली. पडदा काळा झाला.

"मोठी हुशार पोरगी आहे," बाबा म्हणाले.

"हो," मी म्हटलं, आणि करंगळीजवळची बेचकी राहिली होती ती पुसायला घेतली.